आधी काटा, मग गाडी

दसरा किंवा गुढीपाडवा जवळ आला की चिंचणी, वाणगाव आणि बोईसर परिसरातील अनेक घरांत एकाच विषयाची चर्चा रंगू लागते. घरातल्या कर्त्या मुलाने स्वतःची मालवाहू गाडी घ्यायचे ठरवलेले असते. थोरल्या काकांचा कौल महिंद्राच्या ‘बोलेरो पिकअप’ला असतो, कारण शेजारच्या वाडीत ती वर्षानुवर्षे बिनतक्रार चालली. मामा टाटांच्या ‘योद्धा’ची बाजू घेतात, कारण त्यांच्या तरुणपणी टाटांच्या ‘४०७’ने घर चालवलेले असते. मित्रमंडळी अशोक लेलँडच्या ‘बडा दोस्त’चे ॲव्हरेज सांगतात. आई मात्र एवढेच विचारते, “हप्ता किती बसेल?”

या चर्चेत अश्वशक्ती येते, किंमत येते, परत विकताना काय मोल येईल हेही येते. परंतु जो प्रश्न सर्वांत आधी यायला हवा, तो बहुधा शेवटपर्यंत येत नाही. गाडीत रोज नेमके किती वजन भरले जाणार आहे? अंदाजाने नव्हे, काट्यावर मोजलेले किती? या एका प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिले, तर कंपन्यांच्या स्पर्धेतील निम्मा गोंधळ आपोआप निवळतो. ते न देता गाडी घेतली, तर उत्तम कंपनीची उत्तम गाडीही दोन-तीन वर्षांत मालकाला कर्जबाजारी करू शकते, आणि एखाद्या वळणावर त्याचा जीवही घेऊ शकते. म्हणूनच हा विषय केवळ वाहनबाजाराचा न राहता कुटुंबाचा आणि पर्यायाने समाजाचा होतो.

टेम्पोची परंपरा

लहान मालगाडीला मराठी माणूस आजही ‘टेम्पो’ म्हणतो. ही मूळची एका जर्मन कंपनीची नाममुद्रा. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली, तिची तीनचाकी गाडी गावोगाव पोहोचली, आणि कंपनीचे नाव हेच वाहनाचे नाव होऊन बसले. पुढे त्याच कंपनीची ‘मॅटॅडोर’ भाजी मंडईपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सर्वत्र दिसू लागली. २००५मध्ये कंपनीने आपले नाव बदलून ‘फोर्स मोटर्स’ केले, तरी लोकांच्या तोंडचा टेम्पो काही गेला नाही.

या क्षेत्रातील सर्वांत बोधप्रद स्पर्धा १९८०च्या दशकात झाली. टोयोटा, निसान, माझदा आणि मित्सुबिशी या चार जपानी कंपन्यांनी भारतीय भागीदारांबरोबर हलक्या मालवाहू गाड्या येथे आणल्या. त्या गाड्या चालवायला सुबक होत्या, इंधनही बेताने पीत. त्यांच्यापुढे देशी कंपनीचा निभाव लागणार नाही, असे मानणारे पुष्कळ होते. त्यावेळी टेल्को या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टाटांच्या कंपनीने १९८६मध्ये स्वतः घडवलेली ‘४०७’ बाजारात उतरवली. भारतीय रस्ता कसा आहे आणि भारतीय व्यापारी गाडीत प्रत्यक्षात काय भरतो, याचा विचार तिच्या बांधणीत होता. काळाच्या ओघात त्या चार भागीदाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे बदलली वा मालक बदलले. ‘४०७’ मात्र टिकली. २००५मध्ये आलेल्या ‘टाटा एस’ची, म्हणजेच लोकांच्या ‘छोटा हाथी’ची, कहाणीही अशीच आहे. तीनचाकी चालवणाऱ्या माणसाला खरोखर काय हवे आहे, हे त्याच्याशी बोलून समजून घेतल्यावरच ती गाडी आखली गेली.

दुसरीकडे, १९४५मध्ये स्थापन झालेल्या महिंद्राने वाहनक्षेत्रात जीपच्या जुळणीपासून आरंभ केला आणि त्याच जीपच्या दणकट सांगाड्यावर पुढे मालवाहू गाड्यांचे घराणे उभे केले. २००० साली ‘बोलेरो’ आली, आणि तिच्या नावाची पिकअप आज देशाच्या खेड्यापाड्यांत सर्वाधिक दिसणारी गाडी झाली आहे.

या इतिहासाचा बोध सरळ आहे. ज्यांनी आधी भाराचा विचार केला आणि मग गाडी घडवली, ते टिकले. गाडी घेणाऱ्यानेही हाच क्रम पाळायला हवा.

तीन गाड्या, तीन विचार

आज चिंचणीतील तरुणापुढे प्रामुख्याने जे पर्याय असतात, त्यांत गुणदोषांची वाटणी बऱ्यापैकी स्पष्ट आहे. महिंद्राने २०२३मध्ये ‘बोलेरो मॅक्स पिकअप’ ही मालिका आणली. तीत १.३ टनापासून २ टनांपर्यंत माल वाहणारे निरनिराळे प्रकार आहेत. इंजिन अडीच लिटरचे, जुन्या आणि परिचित घडणीचे. वरच्या प्रकारात ते सुमारे ८० अश्वशक्ती आणि २२० न्यूटन-मीटर टॉर्क देते. आकाराच्या मानाने ही शक्ती फार नाही. पण इंजिनावर ताण कमी, आणि ते खोलणारा मिस्त्री जवळपास प्रत्येक नाक्यावर सापडतो, हे तिचे मोठे बळ.

टाटांची ‘योद्धा’ २०१७मध्ये आली, आणि २०२२मध्ये ‘योद्धा २.०’ या नावाने २ टन माल वाहणारा प्रकार दाखल झाला. २.२ लिटरचे इंजिन सुमारे १०० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क देते. भरलेल्या गाडीने घाट चढायचा असेल, जव्हार-मोखाड्याकडे नियमित जाणे असेल, तर ही जादा ताकद उपयोगी पडते. चिंचणी ते बोईसर या सपाट रस्त्यावर मात्र तिचा फारसा उपयोग नाही.

अशोक लेलँडची ‘बडा दोस्त’ २०२०मध्ये आली. तिचे इंजिन केवळ दीड लिटरचे, तीन सिलिंडरचे; पण ८० अश्वशक्ती आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्क देणारे. आरंभीच्या दोन प्रकारांपैकी एकाची क्षमता सुमारे दीड टन, तर दुसऱ्याची १,८६० किलो. बोलेरो आणि योद्धा यांना पुढे लांब बॉनेट आहे. बडा दोस्तचा चालक जवळजवळ पुढच्या चाकांवर बसतो. त्यामुळे गाडीच्या एकूण लांबीच्या मानाने हौदा लांब मिळतो आणि अरुंद गल्लीत गाडी सहज वळते. उलटपक्षी, समोरासमोरच्या धडकेत चालकाचे पाय आणि समोरचे वाहन यांच्यामध्ये अंतर देणारे बॉनेट तिला नाही. महामार्गावर रात्री धावणाऱ्याने हा मुद्दा किंमतीच्या आधी विचारात घ्यावा.

यांतील एकही गाडी वाईट नाही. तिन्ही भारतीय कंपन्यांच्या आहेत, तिन्हींना मागणी आहे. ‘कोणती सर्वांत चांगली?’ हा प्रश्न म्हणूनच निरर्थक ठरतो. ‘कोणत्या भाराला कोणती?’ एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर शोरूममध्ये मिळत नाही.

चिंचणीचा माल

ते उत्तर वाडीत, बंदरावर आणि वीटभट्टीवर मिळते. डहाणू तालुक्याच्या या किनारपट्टीवर चिकूच्या बागा आहेत. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. वाणगाव परिसर मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. वरोर, धाकटी डहाणू, दांडी, सातपाटी ही मासेमारीची गावे जवळ आहेत. दक्षिणेला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, तर पूर्वेला भातशेती, पेंढा आणि वीटभट्ट्या. वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिघात मालाचे इतके भिन्न प्रकार असणारे भाग कोकणात थोडेच.

आता या मालाचे वजन पाहावे. चिकूच्या एका क्रेटमध्ये २० किलो फळ आणि क्रेटचे दोन किलो धरले, तर ६० क्रेटचे १,३२० किलो होतात. म्हणजे १.३ टन पासिंगच्या गाडीत साठावा क्रेट चढला की मर्यादा ओलांडली गेली. आणि हौद्यात जागा तर आणखी तीस क्रेटची असते. मासळीचे गणित अधिक फसवे आहे. उन्हाळ्यात माल ताजा राहावा यासाठी मासळीच्या जवळपास बरोबरीने बर्फ घालावा लागतो. ६०० किलो मासळी म्हणजे बर्फासह बाराशे किलो, वर पेट्यांचे वजन वेगळे. व्यापारी भाडे मासळीचे देतो; चाकांना मात्र बर्फही वाहावा लागतो.

वीट दिसायला लहान, पण अडीच ते तीन किलोची. हजार विटा म्हणजे अडीच ते तीन टन. दीड टनाच्या गाडीत पाचशे-सहाशे विटांहून अधिक बसवणे नियमात बसत नाही. वाळूचा हिशेब तर सर्वांत भयंकर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट वाळू साधारण साडेचार टन भरते. अर्धा ब्रासही २ टनांच्या गाडीला जास्त होतो. तरीही ‘अर्धा ब्रास टाक रे’ हे वाक्य किती सहजपणे उच्चारले जाते! पेंढ्याचे नेमके उलट; वजन कमी, पण उंची आणि रुंदी इतकी की वाऱ्याच्या झोताने गाडी डोलू लागते. कारखान्यांच्या रसायनांबाबत पिंपाचा आकार पाहून वजन ठरवणे धोक्याचे. २०० लिटर पाण्याचे २०० किलो होतात, परंतु तेवढ्याच तीव्र गंधकाम्लाचे साडेतीनशेहून अधिक. शिवाय घातक रसायने वाहणाऱ्या चालकाने वेगळे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घेणे नियमाने बंधनकारक आहे. ‘कंपनीचे भाडे लागले’ या आनंदात अनेकांना याचे भान राहत नाही.

पाटा वाढतो, ब्रेक वाढत नाही

नवी गाडी आली की अनेक ठिकाणी पहिले काम होते ते मागच्या कमानीत एक-दोन जादा पाटे घालण्याचे. गाडी मग बसत नाही, ताठ उभी राहते, आणि मालकाला वाटते की तिची ताकद वाढली. हा समज किती घातक आहे, हे स्पष्टपणे सांगायला हवे. पाट्याने केवळ गाडीचे वाकणे थांबते. ब्रेक तेच असतात, ॲक्सल तोच, टायर तेच, आणि चाकाच्या बेअरिंगही त्याच. दीड टनासाठी बेतलेल्या ब्रेकवर तीन टन टाकले, तर गाडी थांबायला बरेच अधिक अंतर लागते, आणि उतारावर ब्रेक तापले की तेही हातचे जाते. माल मागच्या ॲक्सलच्या पलीकडे गेला की पुढची चाके हलकी होतात, आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी हवी तेथे वळत नाही. पूर्वी गाडी वाकली की निदान डोळ्यांना दिसे की भार जास्त झाला आहे. पाटे वाढवून ही धोक्याची खूणही पुसून टाकली जाते.

किनाऱ्यावर यात खाऱ्या हवेची भर पडते. मासळीच्या पेट्यांतून गळणारे खारे पाणी सांगाड्याच्या सांध्यांत मुरते आणि वरून रंग चकचकीत असतानाही आतून लोखंड खाते. अशा गाडीवर जादा भार म्हणजे दुहेरी संकट. म्हणून चिंचणीच्या ग्राहकाने विक्रेत्याला अश्वशक्ती विचारण्याआधी हौद्याखाली गंजरोधक लेप कोणता, पाणी वाहून जाण्याची सोय कशी, आणि गंजाबाबत हमी आहे काय, हे विचारावे. दर फेरीनंतर गोड्या पाण्याने खालून धुतलेली गाडी न धुतलेल्या गाडीपेक्षा अधिक काळ टिकते, मग ती कोणत्याही कंपनीची असो.

कायदा काय सांगतो

गाडी निवडताना कायद्याच्या तीन रेषा माहीत असणे अगत्याचे आहे. पहिली रेषा ३ टनांची. गाडी आणि माल मिळून एकूण नोंदलेले वजन ३,००० किलोपर्यंत असेल, तर मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहतुकीचे परमिट लागत नाही. त्याहून जड गाडीला ते लागते, आणि चिंचणीहून वापी-सुरतेकडे जायचे तर राज्याबाहेरच्या परवानगीचाही प्रश्न येतो. १.३ टनांची आणि २ टनांची गाडी यांतील फरक म्हणूनच केवळ किंमतीचा नाही. कागदपत्रांचा आणि दरवर्षीच्या खर्चाचाही आहे.

दुसरी रेषा साडेसात टनांची. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या साध्या परवान्यावर चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. पिकअप या वर्गात येतात. वेगळा परवाना नाही म्हणून विम्याचा दावा अडेल, ही अनेकांची भीती त्यामुळे दूर झाली आहे.

तिसरी रेषा नोंदणी पुस्तकातील वजनाची, म्हणजेच पासिंगची. २०१९च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात जादा भारासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे. माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही, आणि तो उतरवण्याचा खर्चही गाडीवाल्यावर. माल बाजूने वा उंचीने मर्यादेबाहेर गेला, तर त्यासाठी स्वतंत्रपणे २० हजार. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कायदा केवळ चालवणाऱ्याला दोषी धरत नाही. जो तशी गाडी चालवायला लावतो वा चालवू देतो, त्यालाही धरतो. ‘अर्धा ब्रास टाक’ म्हणणारा या कलमातून सुटत नाही. प्रत्यक्षात पावती फाटते ती बहुतेक वेळा चालकाच्याच नावाने, ही गोष्ट वेगळी.

हप्त्याचे गणित

आता आईच्या प्रश्नाकडे यावे. आठ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी ११ टक्के दराने घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,४०० रुपये बसतो. दहा लाखांच्या कर्जाला तो सुमारे २१,७५० होतो. म्हणजे मोठ्या गाडीसाठी दरमहा सुमारे ४,३५० रुपये अधिक. ही रक्कम वसूल होते की नाही, हे भारावरून ठरते.

समजा एखाद्या बागायतदाराचा हंगामातील माल दर खेपेला १.९ टन भरतो आणि तो वाशीच्या बाजारात जातो. १.३ टनाच्या गाडीला त्यासाठी दोन फेऱ्या लागतील. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर, लिटरला १२ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरले, तर एका जादा फेरीचे डिझेलच पावणेदोन-दोन हजारांचे. महिन्यात अशा तीन फेऱ्या वाचल्या, तरी मोठ्या गाडीचा जादा हप्ता निघून वर पैसे उरतात. त्याने मोठीच गाडी घ्यावी. अश्वशक्ती आणि बॉनेटचा विचार मग दोन-टनी गाड्यांपुरताच करावा.

याउलट समजा एखाद्या तरुणाचे काम वाणगाव-चिंचणी-बोईसर एवढ्याच टापूत आहे आणि भार हजार-अकराशे किलोंचा. त्याने दोन-टनी गाडी घेतली, तर दरमहा सव्वाचार हजारांहून अधिक रुपये रिकाम्या हौद्यावर खर्च होतील. मग तो हौदा भरण्यासाठी मिळेल ते भाडे घेणे आले, आणि मिळेल त्या भाड्यात विटा आणि वाळूही आल्या. त्यातच १ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांमुळे नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी आलेली आहे. ती जाळी साफ व्हायला गाडीने काही काळ सलग आणि बऱ्या वेगाने धावावे लागते. दिवसभर चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याला ती वरचेवर तुंबण्याचा त्रास होऊ शकतो. अशा माणसाने लहान गाडीचा, आणि पंप सोयीचा असेल तर सीएनजीचाही, विचार करावा; मात्र टाक्यांच्या वजनाने माल वाहण्याची क्षमता थोडी घटते, हे लक्षात ठेवून.

२२ सप्टेंबर २०२५पासून मालवाहू गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. हा मोठाच दिलासा आहे. परंतु त्यातून वाचलेले पैसे अधिक मोठी गाडी घेण्यात घालायचे, की कर्ज कमी घ्यायचे, हा विवेक ज्याचा त्याला करायचा आहे.

वाढवणच्या आशेवर

चिंचणीजवळच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. सुमारे ७६,२०० कोटी रुपयांचा हा प्रकल्प. मच्छीमार आणि बागायतदारांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला, आणि त्यांच्या उपजीविकेचा प्रश्न गंभीर आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय. येथे मुद्दा एवढाच की, ‘बंदर येतेय, गाड्यांना काम मिळेल’ या आशेवर गाडी घेण्याचा विचार तरुणांच्या मनात डोकावू लागला, तर त्याला वेळीच आवर घालावा.

बंदराच्या भरावाचे दगड-माती पिकअप वाहत नाही. ते डंपरचे काम. कंटेनर भरला की वीस-पंचवीस टनांच्या पुढेही जातो. ते ट्रेलरचे काम. द्रुतगती महामार्गाला जोडणाऱ्या सुमारे ३२ किलोमीटरच्या रस्त्यावर उद्या जी अवजड वाहतूक धावेल, तिच्यात पिकअपचा वाटा किरकोळ राहील. लहान गाडीला काम मिळेल ते भोजनालयांच्या भाजीपाल्याचे, सुट्या भागांचे, कामगार वस्तीतील घरसामानाचे. ते चांगले काम आहे. पण ते हलके आहे, आणि उशिराने येणारे आहे. हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. उद्याच्या बंदराच्या भरवशावर आज दोन-टनी गाडी दारात उभी करणे शहाणपणाचे नाही.

दोष केवळ चालकाचा नाही

यावर गाडीवाल्यांचे उत्तर ठरलेले आहे, आणि ते ऐकून घेतले पाहिजे. भाडे फेरीवर ठरते, वजनावर नाही. एक जण दीड टन घेऊन दोन हजार मागतो, तेव्हा दुसरा अडीच टन भरून अठराशेला तयार असतो. नियमाने वागणारा घरी बसतो. हे म्हणणे खरे आहे. परंतु त्यातूनच दिसते की, जादा भाराने गाडीवाल्यांचा एकूण नफा वाढत नाही. भाड्याचा दर तेवढा खाली येतो. जादा वजनाचा फायदा माल पाठवणारा घेतो, आणि टायर, पाटे, क्लच व जिवाची जोखीम गाडीवाल्याच्या वाट्याला येते. ज्याने हप्ता भरून गाडी घेतली, तोच या व्यवहारात दुसऱ्याचा खर्च सोसतो.

हे चक्र एकट्या चालकाला तोडता येणार नाही. त्यासाठी समाजातील जाणत्या मंडळींनी पुढे यायला हवे. चिंचणी-बोईसर परिसरातील सहकारी पतपेढ्यांचे संचालक, बागायतदारांच्या संस्थांचे पदाधिकारी, घर बांधणारे सुशिक्षित मध्यमवर्गीय, या प्रत्येकाच्या हातात काही ना काही आहे. मुद्रा योजनेची मर्यादा २०२४मध्ये, आधीचे कर्ज नीट फेडलेल्यांसाठी, २० लाखांपर्यंत वाढली. कर्ज मिळणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेने अर्जासोबत जामीनदाराच्या सहीबरोबरच आणखी एक कागद मागावा. तरुणाने आधी महिनाभर भाड्याच्या गाडीवर काम करावे, आणि प्रत्येक खेपेची वजनकाट्यावरची पावती जपून ठेवावी. त्या पावत्यांवरून त्याचा खरा भार कळेल, खरे अंतर कळेल, रिकाम्या फेऱ्या किती होतात तेही कळेल. कोणती गाडी घ्यावी, हे त्यानंतर काकांना वा मामांना विचारावे लागणार नाही. काट्याचे शुल्क त्या मानाने अगदीच किरकोळ.

बागायतदार आणि मासळीचे व्यापारी यांनी भाडे वजनावर ठरवण्याची पद्धत सुरू केली, तर नियमाने चालणाऱ्याचे नुकसान थांबेल. घर बांधणाऱ्या गृहस्थाने अर्धा ब्रास वाळू एका पिकअपमध्ये आली म्हणून समाधान मानण्याऐवजी, ती दोन फेऱ्यांत का आली नाही, असे विचारावे. दुसऱ्या फेरीचे चारशे-पाचशे रुपये त्याला जड नाहीत. त्या पैशांच्या बदल्यात गाडीचे ब्रेक लागतात, आणि शाळेतून सायकलवर घरी निघालेली मुलगी बोईसरच्या रस्त्यावर सुखरूप राहते.

स्पर्धा कंपन्यांमध्ये असावी. ती ग्राहकाच्या हिताची आहे. महिंद्रा, टाटा आणि अशोक लेलँड एकमेकांशी झुंजतात, म्हणूनच वीस वर्षांपूर्वीच्या तुलनेत आज चिंचणीच्या तरुणाला अधिक चांगली गाडी मिळते. मात्र या झुंजीत कोणाची बाजू घ्यायची, हे त्याने आपल्या मालाकडे पाहून ठरवावे. यंदाच्या मुहूर्तावर गाडी दारात यायची असेल, तर तिच्यासाठी हार आणि नारळ आणण्याआधी महिनाभराच्या काट्याच्या पावत्या घरात असाव्यात. आईला हप्त्याचा आकडा सांगताना त्या तिच्या पुढ्यात ठेवाव्यात. मग तिला तो आकडा समजावून सांगणे सोपे जाईल.